चौपन्न पायऱ्या आणि एक बाबागाडी

प्रश्न: माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी असल्यामुळे लिफ्ट नाही. तळमजल्यापर्यंत चौपन्न पायऱ्या आहेत. पुढच्या महिन्यात माझी बाळंतपणाची रजा संपते आणि त्यानंतर मुलगी दिवसभर सासू-सासऱ्यांजवळ राहील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तिला कडेवर घेऊन त्यांना फार चालवत नाही. पण संध्याकाळी तिला बागेत न्यावे ही इच्छा त्यांचीच आहे. बाबागाडीवर सहा हजारांपेक्षा जास्त खर्च आम्हाला झेपणार नाही. छत्रीसारखी मिटणारी एक गाडी ३,२०० रुपयांना मिळते आहे. कार सीट, पाळणा आणि गाडी असा एकत्र संच सवलतीत ११,५०० रुपयांना आहे, तो हप्त्यांवर घे असे मैत्रीण म्हणते. नणंदेची सात वर्षांपूर्वीची गाडी माळ्यावर पडून आहे, ती फुकट मिळेल. पण पहिल्या नातीला जुनी वस्तू वापरायची, याचे माझ्या आईला वाईट वाटते. महिन्यातून एकदा आम्ही एसटीने साताऱ्याला माहेरी जातो. नक्की काय करावे?
— एक आई, डोंबिवली

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे तुम्ही पायऱ्या मोजल्या आहेत. बाबागाडी घेताना बहुतेक घरांत बाळाकडे आणि गाडीच्या रंगाकडे पाहून निवड होते. परंतु ती रोज कोण ढकलणार, कोणत्या रस्त्यावरून ढकलणार आणि रात्री ती कुठे उभी राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी दिली, तर दुकानातल्या निम्म्याअधिक गाड्या आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांत निवड करणे सोपे जाते. तुमच्या बाबतीत गाडी ढकलणार आहेत सासूबाई, रस्ता आहे डोंबिवलीचा, आणि जागेचा प्रश्न त्या चौपन्न पायऱ्यांशी जोडलेला आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पाच-सहा महिन्यांचे बाळ साधारण सात किलोचे असते. हलकी म्हणावी अशी गाडीही बहुधा पाच-सहा किलोंची असते, आणि ज्या संचाबद्दल तुमची मैत्रीण सांगते आहे, तशा संचातली गाडी दहा किलोंच्या पुढेच जाते. गुडघे दुखणाऱ्या बाईने एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन तीन जिने उतरावेत, अशी कल्पनासुद्धा कोणी करू नये. बाळाला गाडीत बसवून दोघांनी पालखीसारखी गाडी जिन्यावरून उतरवण्याचा मोहही कृपया टाळावा; एकाचा पाय चुकला की गाडी तिरपी होते आणि सगळा भार पट्ट्यावर येतो. सरकत्या जिन्यावरही गाडी नेऊ नये. त्यामुळे हलकी गाडी घेतली की जिन्याचा प्रश्न सुटला, असे समजू नका. तो प्रश्न गाडीने सुटणारच नाही, तो माणसांनी सोडवावा लागेल. सोसायटीच्या सचिवांशी बोलून तळमजल्यावर, येण्याजाण्याच्या वाटेत आणि जिन्याच्या तोंडाशी अडथळा होणार नाही अशा कोपऱ्यात गाडी ठेवायची परवानगी मिळवावी आणि सायकलीला लावतात तशा साखळीच्या कुलपाने ती बांधून ठेवावी. मुलीला खाली आणण्याचे काम सासऱ्यांनी करावे, आणि तेही एक हात कठड्यावर ठेवून. त्यांना ते जमणार नसेल, तर संध्याकाळची फेरी तुम्ही किंवा तुमचे यजमान कामावरून आल्यावर करावी. हे आधी ठरले नाही, तर कोणतीही गाडी महिनाभरात कपडे वाळत घालायची जागा होऊन बसते. एवढी व्यवस्था झाली, की गाडीचे वजन हा तुमच्यासाठी पहिला निकष राहत नाही, आणि केवळ हलकेपणासाठी जास्त पैसे मोजण्याची गरजही उरत नाही.

आता ११,५०० रुपयांच्या संचाविषयी. तुमच्याकडे मोटार असल्याचा उल्लेख पत्रात नाही. मोटार असती, तर कार सीट ही चैन नसून अत्यावश्यक वस्तू आहे असे मी आग्रहाने म्हटले असते. परंतु मोटार नसताना तिची किंमत गाडीच्या किमतीत मोजणे आणि ती हप्त्यांनी फेडणे, यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. संचातला पाळणाही थोड्याच महिन्यांत अपुरा पडतो, कारण मूल पालथे पडू लागले आणि हातांवर उठू लागले की त्यात ठेवणे सुरक्षित राहत नाही, आणि तुमची मुलगी त्या टप्प्यावर आलेलीच आहे. म्हणजे तीन वस्तूंपैकी दोन तुमच्या उपयोगाच्या नाहीत. हा पर्याय सोडून द्यावा.

३,२०० रुपयांच्या गाडीचा मी थोडा अधिक विचार केला, कारण ती तुमच्या अंदाजपत्रकात सहज बसते. छत्रीसारखी मिटणारी गाडी ही मुळात चांगली कल्पना आहे. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्यांनी १९६५ मध्ये तिचा आराखडा केला. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते, आणि नातवंडाला घेऊन आलेल्या मुलीची जड गाडीमुळे होणारी ओढाताण पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, साधारण तीन किलोंची गाडी तयार केली. मात्र अशा स्वस्त गाड्यांत पाठ बहुधा ठरावीक कोनातच राहते, पूर्ण मागे जात नाही. आणि अनेकींत पट्टा फक्त कमरेपुरता असतो. तुमच्या मुलीने मान धरली असेल, पण ती अजून आधाराशिवाय बसत नसणार. अशा वयात बसते आसन फार उभे असेल, तर बाळ झोपल्यावर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. गाडीत बाळ झोपणार हे गृहीतच धरावे, कारण संध्याकाळच्या वाऱ्यात दहा मिनिटांत त्याचा डोळा लागतो. म्हणून पाठ जवळजवळ आडवी होणारी गाडीच आज तुमच्या उपयोगाची आहे. ३,२०० रुपयांच्या गाडीची पाठ आडवी होत असेल आणि पट्टा खांद्यांवरून येत असेल, तर ती जरूर पाहावी. नसेल तर स्वस्त म्हणून घेतलेली ती गाडी पहिले दोन-तीन महिने वापरताच येणार नाही.

नणंदेच्या गाडीविषयी मात्र तुम्ही जितक्या संकोचाने लिहिले आहे, तितका संकोच करण्याचे मला कारण दिसत नाही. आपल्याकडे पहिले झबले आणि दुपटे जुन्या, वापरून मऊ झालेल्या लुगड्याचे शिवतात, आणि त्यात बाळाविषयीची मायाच असते. प्रश्न जुनेपणाचा नाही, गाडी आज कशी आहे याचा आहे. तेव्हा ती माळ्यावरून खाली काढून, एका रविवारी सकाळी चांगल्या उजेडात तुम्ही दोघांनी अर्धा तास तिच्याजवळ बसावे.

आधी पट्टा पाहावा. तो पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेच्या बाजूंनी आणि एक दोन्ही पायांच्या मधून येणारा. जुन्या गाड्यांत नेमका पायांमधला तुकडा हरवलेला असतो, आणि तोच तुकडा मुलाला खाली घसरू देत नाही; तो नसेल तर कमरेच्या पट्ट्याखालून बाळाचे अंग सरकते आणि मान पट्ट्यात अडकण्याचा धोका उभा राहतो. बक्कल लावून दहा वेळा जोराने ओढून पाहावे. एकदा जरी ते सुटले, तर गाडी बाद. त्यानंतर गाडी उघडून तिचे मिटण्याचे कुलूप नीट बसल्याचा आवाज येतो का ते ऐकावे आणि वरून दोन्ही हातांनी दाब देऊन पाहावे. उघडलेली गाडी दाबाखाली थोडीशीही मिटू लागली, तर तिचा विचार सोडावा. बिजागऱ्यांचे प्लास्टिक तडकले आहे का, हे नखाने चाचपून पाहावे, कारण माळ्यावरच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते आणि केसासारखी तड डोळ्यांना सहसा दिसत नाही. बिजागरीची फट हीसुद्धा दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणे बसवावी लागली, कारण गाडी उघडताना बोट सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तिथे नोंदवल्या गेल्या होत्या. गाडी जुनी असो वा नवी, ती उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर असताच कामा नये, हे सासू-सासऱ्यांनाही आवर्जून सांगावे.

चाकांची डुगडुग, नळ्यांवरचा गंज आणि ब्रेक या गोष्टी यानंतरच्या. वरवरचा गंज पॉलिश कागदाने घासून, रंग लावून भागते. जोडाजवळ पापुद्रे सुटत असतील तर भागत नाही. कापडावर बुरशीचे काळे ठिपके असतील, तर ते कापड धुऊन वापरण्यापेक्षा बदललेले बरे, आणि बैठकीची खोळ कोणताही चांगला शिंपी दोन-तीनशे रुपयांत शिवून देईल. टप फाटला असेल तर तोही शिवून घेता येतो. पण पट्टा, कुलूप आणि ब्रेक यांवर घरगुती उपाय करू नये. पट्ट्याच्या जागी ओढणी बांधू नये आणि ब्रेकच्या जागी चाकाखाली दगड ठेवून निभावू नये. या तिन्ही गोष्टी पक्क्या निघाल्या, तर तुमचे सहा हजार रुपये वाचले असे समजा आणि नणंदेला मनापासून धन्यवाद द्या.

गाडी या तपासणीत टिकली नाही, तर नवी घ्यावी, आणि तुमच्या सहा हजारांत साधी पण नीट गाडी मिळते. ५,५०० रुपयांची गाडी आठवड्यातून पाच दिवस वर्षभर वापरली, तर एका फेरीला साधारण एकवीस रुपये पडतात, आणि बहुतेक गाड्यांची मर्यादा पंधरा किलोंची असल्यामुळे ती मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत सहज पुरेल. पैसे पाठीच्या आडव्या होण्यावर, पाच टोकांच्या पट्ट्यावर, ब्रेकवर आणि चाकांवर खर्च करावेत. पेयाचा कप ठेवायची जागा, पुढचा खेळण्याचा ट्रे, चमकणारे दिवे, वाजणारी गाणी आणि बरोबर दिलेली पिशवी यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात युरोपचे ईएन १८८८ किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ ८३३ हे बाबागाड्यांच्या सुरक्षेचे मानक छापलेले असेल तर ती जमेची बाजू धरावी. उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत हे सारे खोक्यावर छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ज्या खोक्यावर पत्ताच नाही, त्या गाडीकडे स्वस्त म्हणून वळू नये. पावती जपून ठेवावी; वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

चाकांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण चकचकीत फरशीवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. फडके रोडवर संध्याकाळच्या गर्दीत, उखडलेले पेव्हर ब्लॉक, चेंबरची वर आलेली झाकणे आणि गटारांच्या जाळ्या यांवरून गाडी न्यायची असेल, तर लहान, कडक प्लास्टिकची चाके प्रत्येक फटीत अडकतात. आणि पुढचे चाक अचानक अडकले की मागून ढकलणाऱ्या माणसाच्या मनगटाला हिसका बसतो आणि बाळ पुढे झेपावते. माझ्या नातवाच्या गाडीचे पुढचे चाक एकदा असेच जाळीच्या दोन पट्ट्यांत बसले होते. त्याला काही झाले नाही, कारण पट्टा लावलेला होता. पण गाडी ओढून काढताना चाकाची खुंटी माझ्या हातात आली, आणि ती पोकळ प्लास्टिकची निघाली. तेव्हापासून मी कोणालाही चाक उलटे करून त्याची खुंटी धातूची आहे का ते पाहायला सांगते. चाके शक्य तितकी मोठी, थोडी मऊ रबरासारखी असावीत, आणि पुढची चाके सरळ दिशेत अडकवण्याची खिटी असावी, म्हणजे खराब रस्त्यावर ती गरागरा फिरत नाहीत.

शक्य असेल तर खरेदी दुकानात जाऊनच करावी. सात किलोंचे काहीतरी बरोबर न्यावे. पाच किलो तांदळाची आणि दोन किलो साखरेची पिशवी एकत्र बांधली की झाले. ते गाडीत ठेवून, पट्टा लावून गाडी चालवून पाहावी, एका हाताने वळवून पाहावी. मग दांड्याला तुमची भाजीची पिशवी अडकवावी आणि तांदूळ बाहेर काढावेत. गाडी त्या क्षणी मागे उलटली, तर घरीही बाळाला उचलताना ती तशीच उलटेल हे लक्षात येईल. भाजी नेहमी बैठकीखालच्या जाळीतच ठेवायची, ही गोष्ट सासूबाईंनी एकदा डोळ्यांनी पाहिलेली बरी. दांडा दोन्ही बाजूंना फिरणारा असेल तर उत्तम, कारण त्यामुळे मुलीचे तोंड आजीकडे राहते. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांत, मुलांचे तोंड आपल्याकडे असताना आई-वडील त्यांच्याशी कितीतरी जास्त बोलतात असे दिसले होते. ही सोय सहा हजारांच्या आत मिळाली तर घ्यावी. मात्र तिच्यासाठी पट्ट्यात किंवा ब्रेकमध्ये तडजोड करू नये.

पावसाळ्यात गाडीवर घालायचे पारदर्शक प्लास्टिक मिळते. ते पाऊस थांबताच काढावे. उन्हाळ्यात टपावरून ओढणी किंवा दुपटे टाकून गाडी झाकण्याची आपल्याकडची सवय धोक्याची आहे; कापड पातळ असले तरी आतली हवा कोंडते आणि आतला उष्मा पाहता पाहता वाढतो, तोही आईला बाहेरून न कळता. बाहेर न्यायचे ते ऊन उतरल्यावरच न्यावे. आणखी एक मर्यादा सासू-सासऱ्यांना प्रेमाने सांगून ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुलाला गाडीत किंवा उंच खुर्चीत सलग एका तासापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवू नये. बागेत पोहोचल्यावर सतरंजी अंथरून तिला पालथे पडू द्यावे, लोळू द्यावे. घरी स्वयंपाक आवरेपर्यंत तिला गाडीत बसवून ठेवण्याची सवय लागू नये, एवढ्यासाठी तरी ती गाडी तळमजल्यावर राहिलेली मला बरी वाटते.

साताऱ्याच्या प्रवासासाठी गाडी नेऊच नका. एसटीत चढताना मागची माणसे घाई करत असताना गाडी मिटणे, बाळ सांभाळणे आणि पिशव्या चढवणे हे तिघांचे काम एकीला करावे लागते. तिथे छातीशी बांधायची कापडी झोळी अधिक उपयोगी, ज्यात बाळाचे तोंड आणि नाक उघडे राहते, हनुवटी छातीवर टेकत नाही आणि मांड्यांना गुडघ्यांपर्यंत आधार मिळतो. ती हजार-दीड हजारात मिळते, आणि नणंदेची गाडी चांगली निघाली तर त्या वाचलेल्या पैशांतून घेण्यासारखी पहिली वस्तू तीच.

तुमच्या आईंना वाईट वाटते आहे, ते मला समजते. त्यांना गाडीच्या नव्या खोळीचे आणि टपाचे कापड निवडायला सांगा. पातळ, सुती आणि फिक्या रंगाचे कापड घ्यावे, म्हणजे धुता येते आणि ऊन कमी धरते.

आणि गाडी नणंदेची असो वा दुकानातली, अंतिम निर्णय सासूबाईंच्या हातांवर आणि पायांवर सोपवा. दांडा त्यांच्या कमरेच्या थोडा वर यायला हवा; खाली असेल तर त्या वाकून ढकलतील आणि गुडघ्यांबरोबर पाठही दुखू लागेल. काही गाड्यांचा ब्रेक पायाने खाली दाबून लागतो, पण सोडताना तीच पट्टी अंगठ्याने वर उचलावी लागते. बूट घालणाऱ्यांना ते जाणवत नाही. उघड्या चपलेतल्या बोटांना मात्र ती पट्टी रोज लागते, आणि मग ब्रेक लावणेच टाळले जाते. साडीच्या निऱ्या मागच्या चाकात जातात का, हेही चार पावले चालल्याशिवाय कळत नाही. तेव्हा त्यांना बरोबर न्या, आणि त्या बागेत ज्या साडीत व ज्या चपलांवर जाणार आहेत, त्याच साडीत आणि त्याच चपलांवर यायला सांगा.